खोलीतला तिसरा

मधुकररावांच्या गोष्टीत आज दोन वाघ आले. मागच्या सभेत एकच होता.

शाळेच्या पटांगणात पंगत बसली होती. पक्षाचं सहभोजन. जातीपातीचा विटाळ मोडायचा म्हणून सगळे मांडीला मांडी लावून बसलेले, आणि नियम एकच: वाढणाऱ्याच्या हाताला नाही म्हणायचं नाही. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, निवडणूक पंधरा दिवसांवर होती, मधुकरराव उमेदवार होते. नियम कडक पाळला जात होता.

"सात महिने भूमिगत होतो, पेंचच्या जंगलात," गोळाभात कालवत ते सांगत होते. "तेंदूची फळं खाल्ली, मोहाची फुलं खाल्ली. एका रात्री दोन वाघ समोर! मी म्हटलं, खुशाल खा मला, पण आधी लोकशाहीवर दोन शब्द ऐका. दहा मिनिटांत दोघं शेपट्या पायात घालून पळाले."

वाघांची काय बिशाद! त्या भाषणापुढे भलेभले मतदार टिकत नसत. जंगलात राहिलेला माणूस वाळून परततो. मधुकरराव दहा किलो वाढून परतले होते. कोणी नवल केलं नाही.

ते दहा किलो गोविंदानं रांधून घातलेले होते. आज तो गोळाभातावर ओतायचं फोडणीचं तेल वाढत होता. जंगल म्हणजे इतवारीतल्या एका चाळीतली त्याची आणि चंपतरावाची खोली. दोघं अकरा वर्षं तिथे नवराबायकोसारखे राहत. चाळ त्या दारावरून मान फिरवून जाई. तिथे कोणी पाहुणा असेल, हे पोलिसांच्याही डोक्यात आलं नाही. "आमचं राज्य येऊ द्या," गोधडीतून तोंड बाहेर काढून मधुकरराव तेव्हा म्हणत, "तुमाले कोणी बोट लावणार नाही."

ती खोली उद्या सकाळी रिकामी करायची होती. घरमालक रुपराव, काटोलचे संत्र्याचे व्यापारी, मधुकररावांना लागूनच बसले होते. प्रचाराची जीप त्यांचीच. मधुकररावांनी एक शब्द टाकला की खोली राहणार होती. टाकतो म्हणाले होते, पंगतीतच.

चंपतराव भाताची परात घेऊन दोघांपुढे थांबला. "भाऊ, तेवढं बोलून टाका न जी आता."

मधुकररावांच्या तोंडात घास होता. तो बराच वेळ संपेना.

"काय बोलाचं आहे?" रुपराव म्हणाले.

"खोलीचं, मालक. अकरा वर्षांत कोणाले त्रास नाही आमचा. काहून काढून राहिले?"

रुपराव चंपतरावाशी बोललेच नाहीत. ते मधुकररावांकडे झुकले. "दोघं होते तोवर मी डोळे झाकले. म्हटलं, असते एकेकाची तऱ्हा. पण आणीबाणीत यायनं तिसरा आणून ठेवला! सात महिने! दिवसभर दाराआड, अन् अंधार पडला का लुगडं नेसून मोरीवर. चाळीतल्या बायायनं पाहिलं जी. ह्या एवढ्या मिशा, अन् वर पदर! लेकीबाळी राहतात तिथं. म्हटलं, आता हद्द झाली."

चंपतरावाचा चेहरा एकदम उजळला. अरे, एवढंच होय! मग तर शब्दसुद्धा टाकायला नको होता. भाऊंनी नुसतं हसून 'अहो, तो मीच' म्हटलं की झालं. भूमिगत माणूस लुगडं नेसला, त्यात लाज कसली? पंगतीनं टाळ्या वाजवल्या असत्या.

"सांगा न भाऊ," गोविंदा हळूच म्हणाला. "तो तिसरा कोण होता, सांगून टाका मालकाले."

"तुमाले माहीत आहे?" रुपरावांनी मधुकररावांकडे वळून विचारलं.

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, तिसरा वाघ येऊ द्या आता!" पंगत खदखदून हसली. मधुकररावही हसले. हसता हसता त्यांनी घास गिळला.

"मी जंगलात होतो रुपराव. मले कसं माहीत राहीन?" त्यांनी तोंड वाकडं करून चेहऱ्यावर किळस आणली. चांगली आणली. "असंल कोणी, यायच्यासारखाच."

चंपतरावाच्या हातातली परात कलली. भाताची दोन शितं रुपरावांच्या धोतरावर पडली. ती त्यांनी चिमटीनं उचलून लांब टाकली.

"मंग उद्या कुलूप लावतो मी," रुपराव म्हणाले.

"लावा. चाळीची अब्रू आधी."

मग मधुकररावांनी भाताला बोटांनी आळं केलं, नीट, खोल. पत्रावळ गोविंदापुढे सरकवली.

"तेल सोड गा," ते म्हणाले. "हात आखडू नको."