रविवारची फेरी

"पट्टा नीट आवळा," साहेब म्हणाले. "तुम्ही पडाल आणि नाव माझं खराब होईल."

पुढच्या बाकावर बसलेल्या बाईंनी पट्टा आवळला. सायकल तीन चाकी होती. पुढे दोघांना ऐसपैस बसता येईल असं गादीचं बाक, मागे चालवणाऱ्याची सीट. दर रविवारी सकाळी वृद्धाश्रमातल्या लोकांना तिच्यावरून तळ्यापर्यंत फिरवून आणायचं, हे काम साहेबांनी चार महिन्यांपूर्वी अंगावर घेतलं होतं. फुकट आणि स्वखुशीनं. हे दोन शब्द ते भेटेल त्याला ऐकवत.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी नोकरी दुकानदारांच्या तराजूतली खोट काढण्यात गेली. नोकरी सुटली, पण खोट काढायची सवय काही सुटली नाही. वय एकोणसत्तर, गुडघे शाबूत, दात स्वतःचे. आश्रमातली माणसं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कुणी बसल्या बसल्या पेंगतंय, कुणी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतंय, कुणाच्या शर्टावर सकाळचा चहा. "माणसानं इतकं ढिलं पडू नये," असं ते घरी जेवताना सांगत.

आजच्या बाई आश्रमात दोन वर्षं होत्या, पण सायकलवर पहिल्यांदाच बसल्या होत्या. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या म्हणे. सोबतच्या आजोबांना आयत्या वेळी चक्कर आली, म्हणून एकट्याच निघाल्या होत्या.

फाटकातून बाहेर पडून औषधांचं दुकान मागे टाकलं, तशी साहेबांनी नेहमीची चौकशी सुरू केली.

"मुलं किती?"

"एक मुलगी."

"परदेशात असेल."

"नाही. याच गावात."

"वा!" साहेबांनी विनाकारण घंटी वाजवली. "आईला इथं आणून टाकायचं आणि आपण त्याच गावात मजेत राहायचं. लाजा कशा वाटत नाहीत या दिवट्यांना!"

साहेबांना बाईंचा फक्त अंबाडा दिसत होता आणि त्या अंबाड्याला उद्देशूनच ते बोलत राहिले. चूक मुलांची नाहीच, म्हणाले. चूक आईबापांची. वेळच्या वेळी कान पिळले असते, तर म्हातारपणी ही पाळी आली नसती. "माझा मुलगा बघा. हे सायकलचं काम त्यानंच शोधून काढलं. म्हणाला, बाबा, घरात बसून कंटाळता, चार लोकांत मिसळा. दर रविवारी स्वतः गाडीनं सोडायला येतो."

"सोडून लगेच जातात?" बाईंनी विचारलं.

"छे! मी परत येईपर्यंत थांबतो. मॅनेजरच्या खोलीत बसून गप्पा मारतो. माणसांची भारी हौस त्याला. आणि घरी गेल्यावर सगळं विचारून घेतो. जेवण कसं असतं, खोल्यांत उजेड येतो का, माझ्या वयाचं बोलायला कोण आहे. बारीकसारीक सगळं."

तळ्याच्या अलीकडे चढ लागला. साहेब पायडलवर उभे राहिले. अर्ध्या चढावर त्यांचा श्वास फुलला, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. "मी उतरते."

"काही गरज नाही," साहेब धापा टाकत म्हणाले. "थकायला मी काही आश्रमातला नाही."

तरी सायकल थांबलीच. ब्रेक ओढून साहेब कठड्याला टेकले आणि पाण्याकडे बघण्याचं नाटक करत राहिले. बाईंनीही पाण्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "घरी तुमची स्वतंत्र खोली असेल."

"आहे ना. म्हणजे होती. नात आता मोठी झाली, तिला अभ्यासाला लागते. मी बाहेर हॉलमध्ये झोपतो सध्या. मीच म्हटलं, घेऊ दे पोरीला." साहेबांनी रुमालानं मान पुसली. "सून नको नको म्हणत होती. पण थोडीशीच म्हणाली."

यावर बाईंनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. काही बोलल्या मात्र नाहीत. बोलण्यासारखं असणार काय, साहेबांच्या मनात आलं. स्वतःच्या मुलीनं टाकलेल्या बाईला दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक कसं सोसवणार?

परतीचा रस्ता उताराचा होता. सायकल फाटकातून आत शिरली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीची खिडकी सताड उघडी होती. गेल्या आठवड्यात रिकामी झालेली खोली. खिडकीत साहेबांचा मुलगा उभा होता आणि त्याच्या मागे हातात किल्ल्या घेऊन मॅनेजर.

"बाबा!" मुलानं वरून हात हलवला. "इथून तळं दिसतं! वारापण काय छान येतोय!"

साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनीही जोरात हात हलवला.

"बघितलंत?" ते बाईंना म्हणाले. "माझी वाट बघत खिडकीत उभा आहे. याला म्हणतात मुलगा!"

बाईंनी पट्टा सोडला आणि दांडी धरून त्या सावकाश खाली उतरल्या. एकदा खिडकीकडे बघितलं, मग साहेबांकडे. साहेबांना त्यांच्या तोंडावर हेवा दिसायला हवा होता. दिसत होती ती कीव, आणि एवढ्या सत्कार्यानंतर एका आश्रमातल्या बाईनं आपली कीव करावी, याचा त्यांना संताप आला.

"काय झालं? असं काय बघताय?"

"काही नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मीही आधी दर रविवारीच यायचे इथं. या लोकांना पेपर वाचून दाखवायला. मुलीनंच सुचवलं होतं."