बाजूने कसा दिसतो

"पोपट नकोत," आई म्हणाली. "माणसं दाखवा."

विक्रेत्याने रिमोट दाबला. भिंतभर उडणारे निळे-लाल पोपट गेले आणि कुठल्याशा सिनेमातले दोन वकील कोर्टात भांडू लागले. शेजारशेजारच्या दोन मोठ्या टीव्हींवर तेच दोन वकील, तेच भांडण. या दोन टीव्हींची निवड मुलगा घरूनच करून आला होता. तो इमारतींचे नकाशे काढायचा. घरच्या हॉलचाही काढून आणला होता. ही टीव्हीची भिंत, समोर सोफा आणि डाव्या हाताला, बाथरूमच्या दाराशी, बाबांचा पलंग.

"पलंग टीव्हीला अगदी तिरका पडतो," त्याने नकाशा विक्रेत्यापुढे धरला. "बाजूने बघितल्यावर रंग उडणारा टीव्ही आम्हाला चालणार नाही. हा उजवीकडचा घ्यायचा. महाग आहे, पण कुठूनही बघा, चित्र तेच."

"साहेब अभ्यास करून आलेत. पण मी म्हणतो, पलंगच जरा सरकवला तर?"

"पलंग सरकत नाही," आई म्हणाली. "पलंगावरचा माणूसही नाही."

तीस वर्षं पोहण्याच्या तलावावर पोरांना हाका मारलेला आवाज होता तो. फ्रिज बघत असलेलं एक जोडपं वळून पाहू लागलं. मुलगा ओशाळला, पण खोटं काही नव्हतं. बाबांच्या खुब्याचं मोडलेलं हाड कधीच जुळलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. व्यायाम करून घेणारी बाई रोज सकाळी यायची आणि बाबा तिला रोज "उद्यापासून नक्की" असं सांगून चहा पाजून परत पाठवायचे. मग मोबाइल छातीवर ठेवून सिनेमे बघत दिवस काढायचे. त्या तळहाताएवढ्या चित्राकडे बघून मुलाला भडभडून यायचं. माणूस पडून आहे, निदान सिनेमा तरी धड बघू दे.

आई एव्हाना डावीकडे चालत वॉशिंग मशिनपर्यंत पोचली होती. मशिनला टेकून तिने गुडघे वाकवले आणि डोकं उशीच्या उंचीवर आणलं.

"काकू, तिथून कोणी टीव्ही बघत नाही," विक्रेता हसत म्हणाला.

"आमच्याकडे बघतात. तू ये रे इकडे. वाक."

मुलगा वाकला. उजवीकडच्या टीव्हीवरचे वकील काळ्या कोटातच होते. डावीकडच्यांचे कोट राखाडी झाले होते आणि चेहऱ्यांवरून कोणी पिठाचा हात फिरवल्यासारखं दिसत होतं.

"बघितलंस?" तो जिंकल्यासारखा म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"बघितलं." आई सरळ झाली, कंबर चोळली आणि दोन्ही टीव्हींच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली. "आणि इथून?"

"इथून दोन्ही चांगले. खरं तर समोरून डावीकडचाच काकणभर सरस आहे. अंधाराचे प्रसंग त्याच्यात जास्त गडद दिसतात. पण समोर बसणार कोण?"

"मग डावीकडचा द्या," आई विक्रेत्याला म्हणाली.

मुलाला वाटलं, तिचा उजव्या-डाव्याचा घोटाळा झाला. "आई, अगं, बाजूने फिका दिसतो तो. बाबांना पलंगावरून धड दिसणार नाही."

"माहितीये."

"मग घेतोय कोणासाठी?"

"त्यांच्याचसाठी." आणि विक्रेत्याला, "उद्या संध्याकाळच्या आत भिंतीवर लागला पाहिजे."

लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने हॉलमधला दिवा मालवला आणि खुनाचा सिनेमा लावला. खुनाचे सिनेमे म्हणजे बाबांचा जीव की प्राण. मध्यंतराच्या आत खुनी कोण ते सांगायचे आणि बहुतेकदा चुकायचे. आई सोफ्याच्या एका टोकाला बसली, मुलगा दुसऱ्या.

"फसवलं तुम्हाला दुकानदाराने," पलंगावरून आवाज आला. "सगळे चुन्यात बुडवून काढल्यासारखे दिसताहेत."

"इथून तर झकास दिसतंय," आई म्हणाली.

"ती बायको का? काय करतेय?"

"रडतेय. नवरा मेलाय ना तिचा."

"मग बरोबर आहे."

"रडतेय खरी," आई सावकाश म्हणाली, "पण डोळे कोरडे आहेत."



"कोरडे? नीट बघ."

"मी नीटच बघतेय."

"अगं, मग पुसले असतील! तुला नाही कळायचं. चेहरा कसा आहे तिचा? घाबरलाय का?"

टीव्हीवरची बाई आता अगदी जवळून दिसत होती, भिंतभर चेहरा.

"घाबरलाय का विचारतोय मी!"

पलंग करकरला. मग पुन्हा करकरला, जोरात. पाय फरशीला लागल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग बाबांचं कण्हणं. मुलगा झटकन उठू लागला, तसा आईने हात लांब करून त्याचा गुडघा दाबून धरला. तिची नजर समोरच होती. दुसऱ्या हाताने तिने सोफ्यावर दोघांच्या मधल्या जागेतली उशी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.