बारशाआधीचा आवाज

"ऐका, हे डोहाळजेवण," म्हणत हेरंब दलालाने भिंतीवरचं यंत्र लावलं. गिलाव्यात मुरलेली पन्नास वर्षांपूर्वीची गाणी खोलीभर घुमली. घर बघायला आलेलं जोडपं खुललं.

"मिरजेत घर विकायचं तर लोक आधी आमच्याकडून भिंती बोलत्या करून घेतात," हेरंब म्हणाला. "भांडणं, खोकले धुऊन काढतो. आनंद तेवढा ठेवतो."

"पुढचं लाव," घरमालकीण कमलिनीबाई मध्येच म्हणाल्या. "माझी मुलगी रडते ते. ते एकदा ऐकायला मिळेल म्हणून तर तुला घरात घेतलं."

हेरंबने यंत्र चाळलं. "नाही सापडत, आजी. तुम्ही ज्यांची नावं दिलीत त्यांचेच आवाज यंत्र राखतं. बाकीचे परका गोंगाट समजून भिंतीतून कायमचे पुसतं."

"परका? अरे, बारशाआधीच गेली ती! नाव कुठलं देणार?"

"मग आता परत येणार नाही. पण दुसऱ्या घरातलं रडणं बसवून देतो ना! तान्ही बाळं सगळी सारखीच रडतात."

"तुझ्या आईला जाऊन विचार, सारखीच रडतात का!" कमलिनीबाई संतापाने उठल्या. "फोटोसुद्धा नव्हता रे तिचा."

त्या तरातरा भिंतीशी गेल्या. बारशाला आत्या बाळाच्या कानात करते तसं त्यांनी भिंतीला तोंड लावून "कुर्र" केलं आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं नाव खणखणीत आवाजात घेतलं, "शरयू!"

मग वळून म्हणाल्या, "आता पूस बघू."