शिवलेला खिसा

“पाठ टेकू नका,” बायको पुटपुटली. “मानेमागं टॅग आहे.”

मास्तर पुन्हा ताठ बसले. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. वर्षानुवर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांना एक खोड लागली होती. जीव घाबरला की उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आत्ता हॉटेलातल्या टेबलाखाली तो पाय सारखा गालिचा दाबत होता.

कारण अंगात होता तो कोट. गडद निळा, बड्या इटालियन ब्रँडचा. मुलीच्या लग्नाच्या हॉलसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले होते. म्हणजे तसे गेले नव्हते, उद्या सकाळी परत मिळायचे होते. कल्पना बायकोची. दुकान आठवड्याच्या आत कोट परत घ्यायचं. फक्त टॅग जागेवर हवा आणि खिशांचे टाके शाबूत हवेत. असले भारी कोट खिशांची तोंडं शिवूनच विकायला येतात. टाका उसवला की कोट तुमचा.

“एवढं नाटक कशाला?” मास्तरांनी विचारून पाहिलं होतं.

“मुलाच्या वडिलांचा फोटो बघितलात ना? डोक्यापासून पायापर्यंत ब्रँड! त्यांच्यासमोर तुम्ही तो ढगळ स्वेटर घालून बसणार? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.”

पोरीचा विषय निघाला आणि मास्तरांनी कोट अंगात चढवला.

होणारे व्याही आता समोरच बसले होते. राखाडी कोट-पँट, आणि बसली होती तरी काय अंगावर! खोलीत उकडत होतं. मुलानं केव्हाच आपलं जाकीट काढून खुर्चीला अडकवलं होतं, पण व्याह्यांनी साधं बटणसुद्धा सोडलं नव्हतं. बसणंही कसं, काठी गिळल्यासारखं. सूप आलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. हे हॉटेल यांच्या तोलामोलाचं नाही, मास्तरांनी ताडलं. मग त्यांनीही सूप घेतलं नाही. एक थेंब उडाला असता तर हॉल गेला असता.

मेनू वाचायला चष्मा लागला तेव्हा व्याह्यांनी नुसता हात पुढे केला. विहीणबाईंनी तो पर्समधून काढून दिला. फोनही त्यांच्याचकडे. मोठ्या माणसांना स्वतःचं काही उचलावं लागत नाही, असं मास्तरांच्या मनात आलं आणि ते आणखीच आक्रसले.

“मिलानचा का?” व्याह्यांनी विचारलं. नजर थेट मास्तरांच्या खिशावर.

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. दुपारभर इंटरनेटवर बसून घोकलेलं त्यांनी भराभर आठवलं. “हो. शिवण हातची आहे. खांदा बघा, आतून भरलेला नाही.”

“तेच बघतोय. हल्ली मोठमोठे ब्रँडसुद्धा खांदे भरतात.”

“बूट मात्र इंग्रजांनीच करावेत,” मास्तरांनी उरलंसुरलं ज्ञानही संपवून टाकलं.

“अगदी, अगदी.”

ही आपली तोंडी परीक्षा चाललीय याबद्दल मास्तरांना शंका उरली नाही.

विहीणबाई हसून म्हणाल्या, “मुलगा म्हणालाच होता, तुमच्याकडे कपड्यांची फार हौस आहे म्हणून.”

टोमणाच हा! बायकोनं टेबलाखाली मास्तरांचा गुडघा दाबला.

व्याह्यांची नजर फिरून पुन्हा खिशावर आली. टाक्याचा दोरा दिसला असणार. आता हा माणूस घरी जाऊन मुलाला बाजूला घेणार. असल्या सोंगाड्यांशी सोयरीक नको म्हणणार. मुलगी समोर खुशीत हसत होती आणि मास्तरांचा पाय गालिचा दाबत होता.

जेवण उरकलं. व्याह्यांनी पुन्हा विहीणबाईंपुढे हात केला. या वेळी पर्समधून एक किल्ली निघाली.

“मुलांनी भाड्याचं घर घेतलंय, त्याची ही एक किल्ली,” ते मास्तरांना म्हणाले. त्यांचा आवाज एकदम साधा झाला होता. “तुमच्याकडे राहू द्या. लेकीचं घर आहे. फोन करायचा नाही, विचारायचं नाही. वाटेल तेव्हा या.”

इतका वेळ ज्याला शिष्ट समजलो, तो माणूस हा. मुलीचे डोळे भरून आले होते.

बायकोनं घाईघाईनं पर्स उघडली. “द्या इकडे, मी ठेवते.”

पर्समध्ये? गोळ्यांची पाकिटं आणि तुटक्या कंगव्याच्या संगतीत लेकीच्या घराची किल्ली? एवढ्या विश्वासानं दिलेली वस्तू, आणि आपल्याला ती छातीशी जपून ठेवायला स्वतःचा खिसा नाही. मास्तरांना त्या कोटाची मनापासून लाज वाटली.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं ओळखलं. मान नको, नको म्हणून हलली. मग तिनं डोळे मिटले.

मास्तरांनी खिशाच्या फटीत बोट घातलं. टर्र.

किल्ली आत गेली. हॉलही गेला. करू गच्चीवर लग्न, ते मनाशी म्हणाले. टेबलाखालचा पाय कितीतरी वेळानं सैल झाला.

मग त्यांनी बायकोच्या उघड्या पर्समधून घरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक सोडवली आणि व्याह्यांच्या हातावर ठेवली. “मग हीसुद्धा असू द्या तुमच्याकडे. मुलाचं घर आहे.”

व्याह्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि काठावरच अडला. विहीणबाईंनी लगबगीनं पर्स पुढे केली. व्याह्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मास्तरांच्या खिशातून लोंबणाऱ्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

विहीणबाईंनी डोळे मिटले.

टर्र.