उजवीकडची सीट

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा तो नुकताच विमान घेऊन खाली उतरला होता. पुढचा पंखा अजून पुरता थांबलाही नव्हता. फोन मुलीचा होता. "बाबा, कुठे आहात तुम्ही?" एवढंच ती बोलली. पुढचं त्याला तिच्या रडण्यातून कळलं. शेजारी बसलेल्या, त्याला विमान शिकवणाऱ्या बाईंनी हात लांब करून उरलेली बटणं बंद केली.

महिन्याभराने तो परत शिकायला यायला लागला. घरात बसून तरी काय करणार? विमान तो चांगलं चालवायचा. पण एकट्याने जायची वेळ आली की काहीतरी निघायचंच. आज वारा आडवा आहे. रात्री झोप नाही झाली. गुडघा धरलाय.

आज बाईंनी धावपट्टीच्या अलीकडेच विमान थांबवायला लावलं. बाई त्याच्या मुलीपेक्षा लहान. पण शिकवणाऱ्या त्या, म्हणून तो त्यांना अहो-जाहो करायचा.

"काका, दोन महिने मी नुसती बसून असते. तुम्ही मला शिकायला नाही, सोबतीला नेता."

"तुमचं काय जातंय? फुकट हवा खायला मिळते."

"हवा खाऊन पोट भरलं माझं. आज एकट्याने एक फेरी मारून या. नसेल जायचं, तर शिकणं आजपासून बंद. थट्टा नाही करत."

त्याच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. बंद झालं तर उद्या सकाळी उठून जायचं कुठे, हेही त्याला माहीत नव्हतं. तो नुसता "बरं" म्हणाला.

बाई उतरल्या. आत वाकून त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला. मोकळा राहिला तर तो विमान वळवायच्या स्टिकमध्ये अडकतो. "आणि काका, माझं वजन नाही आता. भसकन वर जाईल. दचकू नका." त्यांनी दार ओढून घेतलं.

विमान खरंच भसकन वर गेलं. गोदामांचे पत्रे खाली गेले, रस्त्यावरचे ट्रक काड्यापेटीएवढे झाले. वळून तो धावपट्टीला समांतर आला तेव्हा घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. विमान दुसऱ्याच्या हाती देताना 'घ्या' म्हणायचं, आणि समोरचा 'घेतलं' म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही, हा अगदी पहिल्या दिवसाचा धडा.

"घे गं जरा," तो म्हणाला, आणि हात सोडून चष्मा पुसायला लागला.

'घेतलं' काही ऐकू आलं नाही. सगळं वजन त्याच्याच बाजूला होतं. डावा पंख हळूहळू कलायला लागला आणि काचेत जमीन वर सरकली. चष्मा मांडीवर टाकून त्याने स्टिक धरली. पंख सरळ झाला.

बाईंना तो कधीच 'घे गं' म्हणत नसे.

त्याने उजवीकडे बघायचं टाळलं. "घेतलं," तोच मोठ्याने म्हणाला, आणि एका हाताने चाचपून चष्मा डोळ्यांवर चढवला.

डावीकडे, खाली, धावपट्टी दिसत होती. वर येऊन झालं होतं. उतरायचं राहिलं होतं.