मागची सीट

मेस्त्रीने डिकीवर दोन्ही हात टेकवून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि डुलतच राहिली.

“काका, ही गाडी आहे का पाळणा?” मेस्त्री म्हणाला. “दाबून सोडली की एकदा वर येऊन गप्प उभी राहायला हवी. मागचे दोन्ही शॉकर मेलेत. तेल सगळं गळून गेलंय. खड्ड्याचा दणका थेट सीटला बसतो.”

“पुढे तर एवढं जाणवत नाही,” गाडीचा मालक म्हणाला.

“पुढचे ठीक आहेत. मागे कोण बसतं?”

मागे त्याची बायको बसायची. बसायची म्हणजे उशांना टेकून अर्धवट आडवी व्हायची आणि टॉवेलचं टोक दातांत धरायची. कमरेच्या वर, मणक्यात गाठ होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, गाठ नसांवर दाब देतेय, रेडिएशनचा शेक द्यायला रोज आणा, खंड पडू देऊ नका. एकदा पाय गेले की ते परत आणायचा उपाय आमच्याकडे नाही.

पण इस्पितळापर्यंतचा रस्ता उखडलेला होता. प्रत्येक दणक्याला कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची आणि ती ओरडायची. ॲम्ब्युलन्स करून पाहिली, तर तो नुसता पत्र्याचा डबा. गेल्या खेपेला घरी परतल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. “आता मला इथेच मरू द्या. त्या गाडीत पुन्हा घालू नका.”

म्हणून गाडी मेस्त्रीकडे आली होती.

“उद्या देतो,” मेस्त्री म्हणाला.

मेस्त्रीचा उद्या म्हणजे कोर्टाची तारीख. सामान आलं नाही, मग दुकान बंद होतं, मग आणखी काही. इस्पितळातून फोन आला, शेक का चुकवताय? त्याने गाडीचं कारण सांगितलं. घरी बायको पडून होती. तो दिवसभर तिच्या खोलीत जायला घाबरायचा, आणि दारापासून हलायलाही.

शेवटी एका सकाळी तो न सांगताच गॅरेजवर गेला. गाडी बाहेर झाडाखाली उभी होती, चारही चाकं चढवलेली, वरून पाणीही मारलेलं. मेस्त्री नव्हता. शेजारचा डेंटर एका दाराचा पत्रा ठोकत बसला होता.

“सामान आणायला गेलेत,” तो ओरडला.

“माझी झाली ना?”

“चाकं चढवून बाहेर काढलीय म्हणजे झालीच की!”

त्याच्या खिशात दुसरी किल्ली होती. “मेस्त्रीला म्हणावं, संध्याकाळी येऊन भेटतो,” असं सांगून तो निघाला.

बायको तयार होईना.

“नवे शॉकर टाकलेत. एकदा बसून तर बघ. लागलं तर कोपऱ्यावरून मागे फिरवतो. तुझी शपथ.”

“तुमच्या शपथा मी लग्नापासून ऐकतेय.” पण तिच्या आवाजात आज पूर्वीचा तो वैताग नव्हता. रात्री डोळाही लागला होता तिचा.

तिच्या भावाने आणि त्याने मिळून तिला खुर्चीसकट खाली आणलं. भाऊ तिला सीटवर सरकवताना म्हणाला, “ताई, जरा पाय उचल ना.”

“ऐकतच नाहीत रे माझं. तुझ्या भाऊजींच्या वळणावर गेलेत.”

भाऊ हसला. तोही हसला. या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

खुर्ची घेऊन भाऊ वर गेला आणि गाडी निघाली. तो रस्ता बघत नव्हता, आरसा बघत होता. पहिल्या गतिरोधकाला त्याने गाडी जवळजवळ थांबवली. आरशात तिचा चेहरा तसाच. दुसऱ्यालाही तसाच. टॉवेल मांडीवर घडी करून ठेवलेला. पुढे रेल्वेचे रूळ आले. इथे ती नेहमी किंचाळायची. त्याने श्वास रोखून धरला. मागून धप्पकन आवाज आला. नवं सामान बसायला वेळ घेतं, त्याने स्वतःला सांगितलं आणि वर पाहिलं.

ती खिडकीतून एका नव्या इमारतीकडे बघत होती.

“काही झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. समोर बघा. आरशात काय सारखं बघताय, नवी नवरी बसलीय का?”

त्याचे डोळे भरून आले. पुढचे खड्डे त्याने चुकवलेसुद्धा नाहीत.

“त्या मेस्त्रीला एकदा जेवायला बोलवा,” ती म्हणाली. “मी बरी झाले की.”

मी बरी झाले की. हे शब्द तिने आजारपणात एकदाही उच्चारले नव्हते.

इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी त्याने गाडी थांबवली आणि फोन वाजला.

“काका, गाडी तुम्ही नेलीत?” मेस्त्री धापा टाकत होता.

“नेली. काय काम केलंय हो तुम्ही!”

“कसलं काम? शॉकर चुकीचे आले होते, तेच बदलायला गेलो होतो. जागा करायची म्हणून जुनेच परत अडकवून गाडी बाहेर ढकलली. काकूंना त्यात घालू नका हां, काका. आधीपेक्षा जास्त दणके बसतील. ऐकताय ना?”

त्याने मागे वळून पाहिलं. तिचा उजवा पाय सीटवरून घसरून पुढच्या सीटच्या लोखंडी पट्टीत अडकला होता. घोटा उलटा वळला होता, आणि खालची चटई रक्ताने भिजली होती.

“मेस्त्री का?” ती हसून म्हणाली. “सांगा त्यांना, आज मला कुठे म्हणजे कुठेच लागलं नाही.”