राहिलेलं नाव

"तिसरी बाहुली काप," आई म्हणाली. "आधीच्या दोन्ही वाया गेल्या."

विदादने कपाळावरचा ओला फडका बाजूला ठेवला आणि वर्तमानपत्राचं एक पान ओढलं. तिच्या तापाचा पाचवा दिवस होता. डॉक्टरने रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. थकवा आहे म्हणाला आणि गोळ्या दिल्या. चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांना थकवा नवा नव्हता. आईची डावी बाजू लुळी पडली त्याला चार वर्षं झाली होती. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, चादर बदलायची आणि मधल्या वेळात पाव, भाज्या, औषधं आणायला उतरून त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या. भाऊ कुवेतला होता. ईदला न चुकता फोन करायचा. विदाद अंथरुणाला खिळली, तर अख्ख्या तन्ता शहरात आईला उचलणारं दुसरं कोणी नव्हतं.

शेजारच्या उम्म रजबला मात्र दुखणं कळलं होतं. "डॉक्टर काय सांगणार? डोळा लागलाय बाई हा, दृष्ट लागलीय. कोणीतरी हेवा करतंय तुझा." सोमवारी तिनेच कागदाची पहिली बाहुली कापली होती. ज्याच्या डोळ्याचं नाव घेऊन कागदाला सुई टोचावी, तो डोळा फुटतो. बाहुली जाळून तिने निखाऱ्यावर तुरटीचा खडा टाकला. तुरटी फुलली की तिच्यात हेवा करणाऱ्याचं तोंड दिसतं. उम्म रजबने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "बाई आहे. नाक मोठं आहे." बुधवारी इमारतीतल्या मोठ्या नाकाच्या तिन्ही बायका दुसऱ्या बाहुलीत टोचल्या गेल्या. ताप जागचा हलला नाही.

आज दुपारी भरवून झाल्यावर आईचा डोळा लागला होता. विदाद रिकामी वाटी हातात धरून तिच्याकडे बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"माझा कोण हेवा करणार, आई?" कात्री चालवता चालवता ती म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं उलटली, लग्न नाही, हाताला सदा फिनेलचा वास. यातलं कोणाला काय हवंय?"

"ज्याला हवं असतं तो तुला सांगून जळतो का? पाय नीट काप. आणि आज मी टोचणार. उम्म रजबला सगळी नावं कुठली माहीत? एक जरी नाव राहिलं, तरी बाहुली म्हणजे नुसती रद्दी."

विदादने बाहुली उशीवर धरली. आईने उजव्या हाताच्या चिमटीत सुई घेतली.

"उम्म रजबच्या डोळ्यापासून."

"आई! ती बिचारी आपल्यासाठी..."

"बिचारी दोन मजले चढली की बकरीसारखी धापा टाकते. धर घट्ट. तुझ्या भावजयीच्या डोळ्यापासून."

"कुवेतहून दिसते मी तिला?"

"व्हिडिओ फोनवर नाही का तू तोंड दाखवत? दरवेळी तुझ्या केसांकडे बघते. स्वतःचे गळलेत. पाववाल्याच्या बायकोच्या डोळ्यापासून. मामेबहीण शुक्रियाच्या डोळ्यापासून. जिने पाहिलं आणि दृष्ट लागू नये म्हणून नबीचं नाव घेतलं नाही, तिच्या डोळ्यापासून."

बाहुलीची चाळण झाली. विदादला हसू येत होतं आणि झोपही येत होती. आता आई सुई परत देईल म्हणून तिने हात पुढे केला. आईने दिली नाही.

"एक राहिलं."

"आता कोण उरलं?"

आईने मान वर केली नाही. सुई हळूच कागदाच्या पायात घातली. आधी एका, मग दुसऱ्या.

"आणि विदादच्या आईच्या डोळ्यापासून."

विदादला वाटलं, आईला भ्रम झाला. "काय बोलतेस तू?"

"तू खाली जातेस तेव्हा मी पायऱ्या मोजते. बाहत्तर आहेत. परत येताना शेवटच्या वळणावर थांबतेस, दम खातेस, 'या अल्लाह, मेले रे' म्हणतेस. मी इथे पडून दात-ओठ खाते. म्हणते, ही कुरकुरते! ते गुडघे मला दे म्हणावं, मी गाणं म्हणत वर येईन." आईने सुई चादरीवर ठेवली. "चार वर्षं. पोटच्या पोरीचा हेवा. नबीचं नावसुद्धा आठवत नाही त्या वेळी."

खाली रस्त्यावर गॅसवाला पान्याने सिलिंडर बडवत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. मग विदाद उठली. तिने ओट्यावर ताटलीत बाहुली जाळली, राख मोरीत सोडली, परत येऊन आईच्या मानेखालची उशी सारखी केली. आईने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"जा, पड जरा," ती भिंतीलाच म्हणाली. "आता उतरेल ताप."

विदाद पडली नाही. पलंगाच्या कडेवर बसून तिने वर्तमानपत्राचं दुसरं पान घेतलं. कात्रीचा आवाज ऐकून आईने मान वळवली.

"आता ही कोणाची?"

"तुझी."

"माझी? अगं, माझ्या मेलीचा कोण हेवा करणार?"

विदादने पलंगाकडे पाहिलं. सकाळीच बदललेल्या चादरीकडे, खोलगट झालेल्या मऊ उशीकडे, कुठेही जायचं नसलेल्या त्या दोन पायांकडे.

"एकच बाई आहे," ती म्हणाली आणि सुई उचलली.